राखीव बळ

मोटारींवर जीव असणाऱ्या दोन स्नेह्यांमधील वाद ऐकण्याचा प्रसंग आम्हांस नुकताच आला. एकाकडे टर्बोचार्जरची जलद गाडी आहे. तिच्या इंजिनाचा कारभार पाहणारी जी संगणकाची आज्ञावली, ती एका कारागिराकडून बदलून घ्यावी, म्हणजे एकही पुर्जा न बदलतां चौथा हिस्सा शक्ति अधिक मिळेल, असा त्यांचा बेत होता. दुसरे म्हणाले, "अहो, तें इंजिन ज्यांनीं घडविलें त्यांना तुमच्याहून कमी कळत होतें काय?" त्यावर पहिले उत्तरले, "गाडी माझी, पैसा माझा. कारखान्यानें ती मला विकली आहे, उसनी दिलेली नाहीं." रात्रीं उशिरापर्यंत वाद चालला आणि दोघेही आपापल्या मतास अधिकच चिकटून घरीं गेले. आम्हांस मात्र यंत्रशास्त्राचें अंग संपल्यावरही त्यांत कांहीं शिल्लक उरतें असें वाटत राहिलें. वस्तूच्या धन्याचा तिच्यावरील अधिकार कोठपर्यंत, आणि तिच्या कर्त्याचा कांहीं उरतो कीं नाहीं, हा तो प्रश्न होय.

या वादाचा सर्वांत नांवाजलेला प्रसंग इंग्लंडांत सुमारें शंभर वर्षांपूर्वीं घडला. वॉल्टर ओवेन बेंटली यांच्या कारखान्याची साडेचार लिटरची गाडी तेव्हां शर्यती गाजवीत होती. पण सर हेन्री बर्किन या धाडसी शर्यतपटूस तेवढ्यानें समाधान नव्हतें. तिला सुपरचार्जर लावावा असें त्यांनीं घेतलें. इंजिनांत जितकी हवा अधिक कोंबावी तितकें पेट्रोल अधिक जळतें आणि तितकें बळ अधिक निघतें. सुपरचार्जर म्हणजे लोहाराचा भाताच म्हणाना. फरक इतकाच कीं, हा भाता इंजिन आपल्याच बळानें ओढतें. अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्स यांनीं तो आंखला, डोरोथी पॅजेट या धनिक बाईंनीं पैसा पुरविला, आणि साध्या गाडीची ११० अश्वशक्ति रस्त्यावरच्या नव्या गाडींत १७५ झाली. शर्यतीच्या गाड्यांत ती २४० च्या आसपास गेली.

बेंटलींना हें मुळींच रुचलें नाहीं. अधिक बळ हवें तर इंजिन मोठें करावें; लहान इंजिनाच्या नरड्यांत हवा कोंबून तें काढल्यास रचनेचा मूळ हेतूच भ्रष्ट होतो, असें त्यांचें म्हणणें. परंतु १९२६ पासून कारखान्याची तिजोरी वुल्फ बार्नाटो यांच्या हातीं होती, आणि त्यांनीं बर्किनांना संमति दिली. शर्यतीच्या नियमासाठीं तशा पन्नास गाड्या विक्रीस काढाव्या लागल्या. आपलें नांव ज्या गाडीच्या कपाळावर आहे तिच्यांतच आपल्याला न पटणारें यंत्र बसतांना पाहणें, हें दुःख लेखकांस तरी समजावून सांगण्याची गरज नाहीं.

१९३० सालीं फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतींत याचा जणुं निकालच लागला. काराचिओला यांच्या मर्सिडीझचा पाठलाग करतांना बर्किनांनीं दोन चाकें गवतावर घालून, टायरचा पट्टा उडून गेला असतांही तिला मागें टाकिलें. पुढें मर्सिडीझ बंद पडली. आणि भात्याच्या दोनही बेंटली शेवटास पोंचल्या नाहींत. पहिली आली ती साडेसहा लिटरची, बिनभात्याची 'स्पीड सिक्स'. तिच्या दोघां चालकांपैकीं एक होते स्वतः बार्नाटो! दुसरा क्रमांकही तशाच गाडीचा. बेंटली खरे ठरले असें यावरून कोणीही म्हणेल. पण शर्यत म्हणजे न्यायासन नव्हे. कारखाना १९३१ मध्यें बुडून रोल्स-रॉइसच्या हातीं गेला, बर्किन १९३३ मध्यें वारले. आणि आज बेंटलीचें जुनें वैभव म्हणतांच लोकांच्या डोळ्यांपुढें येते ती कर्त्याला नकोशी झालेली, एकही मोठी शर्यत न जिंकलेली तीच गाडी. २०१९ मध्यें कंपनीनें जुन्या बरहुकूम बारा नव्या घडविण्याचें जाहीर केलें, त्या याच जातीच्या. कीर्ति कोणाच्या गळ्यांत माळ घालील याचा नेम नाहीं.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण वादांत ती सहसा कोणी काढीत नाहीं. बेंटलींनीं आपली पहिली गाडी काढण्यापूर्वीं, पहिल्या महायुद्धाच्या अगोदर, ते व त्यांचे बंधु डीएफपी नांवाच्या फ्रेंच गाड्या लंडनमध्यें विकीत असत. त्यांच्या इंजिनांतील पिस्टन काढून बेंटलींनीं अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे हलके पिस्टन बसविले आणि ब्रुकलंड्सच्या मार्गावर विक्रम केले. म्हणजे दुसऱ्याचें इंजिन उघडून त्यांत आपलें डोकें चालविणारे पहिले बेंटलीच! परंतु याला केवळ दुटप्पीपणा म्हणून निकालांत काढणें आम्हांस अन्याय्य वाटतें. युद्ध सुरू होतांच त्यांनीं आपल्या पिस्टनची हकीकत आरमाराच्या वैमानिकी खात्यास जाऊन सांगितली, आणि तसे पिस्टन विमानांच्या इंजिनांत वापरले गेले. त्यांचा फेरफार उघड्यावर ठेवलेला होता.

आतां आमच्या स्नेह्यांच्या आज्ञावलीकडे वळूं. एकही पुर्जा न बदलतां अधिक शक्ति येते ती येते कोठून? ती इंजिनांत आधींपासून असते. कर्त्यानें राखून ठेविलेली असते. आराखडा काढणाऱ्या मनुष्यास गाडी कोण घेईल हें ठाऊक नसतें. ती लडाखच्या विरळ हवेंत घाट चढेल कीं नागपुरच्या मे महिन्यांत तापलेल्या रस्त्यावर खोळंबून राहील, धनी तेल वेळेवर बदलील कीं पुढच्या महिन्यावर ढकलील, हें त्यास कळावयास मार्ग नाहीं. पेट्रोल हलकें पडलें तर तें दाबाखालीं भलत्या वेळीं पेट घेतें आणि पिस्टनवर घणाचा घाव बसावा तसा ठोका बसतो. असे ठोके चालू राहिले म्हणजे पिस्टनला भोंक पडतें. या साऱ्या अज्ञातांसाठीं तो थोडें बळ मागें ठेवतो. शेतकरी पुढच्या पेरणीचें बियाणें कणगींत निराळें राखतो, त्यांतलाच हा प्रकार. पाहुण्याला वाटावें, घरांत एवढें धान्य पडलें असतां हीं माणसें हात आंखडून कां जेवतात?

सर्वच राखीव बळ इतकें सात्त्विक असतें असें मात्र नाहीं. एकच इंजिन दोन निरनिराळ्या शक्तींचें म्हणून दोन किमतींस विकण्याची चाल जुनीच आहे. २०२२ मध्यें तर मर्सिडीझनें अमेरिकेंत आपल्या विजेच्या कांहीं गाड्यांना अधिक वेग घेऊं देण्याचे वर्षास १२०० डॉलर मागितले. गाडी तीच, मोटर तीच. कुलपाची किल्ली तेवढी भाड्यानें! अशा ठिकाणीं कर्त्याच्या हेतूचें पावित्र्य सांगणाऱ्यास आम्ही हात जोडूं. आणि २०१५ सालीं फोक्सवॅगनचें जें प्रकरण बाहेर आलें, त्यांत आज्ञावलीची लबाडी करणारा कोणी गल्लींतला कारागीर नव्हता. परीक्षा चालू आहे हें ओळखून तेवढ्यापुरता धूर आवरणारी युक्ति खुद्द कारखान्यानेंच जगभरच्या सुमारें १ कोटि १० लक्ष गाड्यांत घातली होती. तेव्हां कर्ता तो शहाणा आणि धनी तो उच्छृंखल, ही वांटणी टिकत नाहीं. उलट स्वतःच्या हातानें इंजिन उघडून पाहणाऱ्या मनुष्यास आपल्या यंत्राविषयीं जो जिव्हाळा वाटतो, तो नुसती किल्ली फिरविणाऱ्यास कधीं वाटत नाहीं. आम्हांस त्याचा हेवा वाटतो.

पण तें राखीव बळ खर्च करतांना तें कोणाचें खर्च होतें, हें त्यानें पाहिलें पाहिजे. इंजिन फुटून त्याचाच पैसा बुडाला तर तक्रार नाहीं. बर्किनांनीं पणाला लावला तो पैसा पॅजेटबाईंनीं जाणूनबुजून दिला होता, आणि जीव त्यांचा स्वतःचा होता. परंतु वाढविलेल्या वेगाला जुनेच ब्रेक ठेवणारा मनुष्य रस्ता ओलांडणाऱ्याच्या वांट्याचें बळ खर्च करतो. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारा शेजाऱ्याच्या छातीशीं व्यवहार करतो, आणि तोही त्यास न विचारतां. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आहे. नोंदणीपत्रांतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं, असा त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें स्पष्ट केला. पण आज्ञावली कोणाच्या डोळ्यांना दिसते? कारखान्याच्या दुरुस्तीगृहांत जाण्याच्या आदल्या दिवशीं जुनी आज्ञावली परत बसवावयाची, हमीच्या मुदतींत बिघाड फुकट दुरुस्त करून घ्यावयाचा, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां नवी घालावयाची, ही युक्ति आम्हांस त्याच रात्रीं मोठ्या कौतुकानें सांगण्यांत आली. दोघेही स्नेही तीवर मनापासून हंसले. जे कर्त्याची बाजू घेऊन तावातावानें बोलत होते, तेही.

आज्ञावली अखेर बदलण्यांत आली आहे. गाडी खरोखरच वाऱ्यासारखी पळते; आम्ही तींत एकदां बसलों आणि ओरडावयाचें तेवढें राहिलें. येत्या दिवाळीनंतर ती विकून दुसरी घ्यावी असा आमच्या स्नेह्यांचा विचार आहे, आणि त्यांच्या कचेरींतील एका तरुणानें आतांपासूनच ती मागून ठेविली आहे. परवां ते आम्हांस विचारीत होते कीं, मूळ आज्ञावली परत घालून गाडी द्यावी, तर मधल्या वर्षभराची हकीकत त्या मुलास सांगावी कीं नाहीं. गाडी तर पूर्ववत् झालेली असेल, असें ते दोनदां म्हणाले.