येणं

रात्री कंदिलाची वात बारीक करून आई आम्हा पोरांना प्रभूच्या प्रार्थनेला बसवायची. आमच्या वस्तीत ती सगळ्यांना पाठ. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही. गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, एका दमात म्हणून टाकायची.

एका वर्षी आई मधेच गप्प व्हायला लागली. रोज एकाच जागी. आमचं देणं लागणाऱ्यांना आम्ही सोडून दिलंय, तसं तूही आम्हाला सोड, असं जिथं देवाला सांगायचं असतं, तिथं. पुढच्या ओळीला परत आमच्यात मिसळायची.

कारण साधं. बापानं एका बागायतदाराची विहीर खोदली होती. अठरा दिवसांची मजुरी बुडाली. मागायला गेला तर, "तुम्ही आता साहेबाच्या देवाचे. मिशनकडं मागा."

गोष्ट पाळकसाहेबांच्या कानावर गेली. माणूस चांगला, आमच्यातलाच. म्हणाले, "बाई, क्षमा केल्याबिगर क्षमा नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात साफ लिहिलंय."

आई म्हणाली, "त्यानं दिलं न्हाई, म्या सोडलं न्हाई. सोडलं म्हनून देवाम्होरं खोटं कसं बोलू?"

"मग देवही तुमचं सोडणार नाही."

"नको सोडू दे."

मला धडकी भरली. आई नरकात जाणार! कित्येक रात्री मी तिच्या वाटणीची ओळ मोठ्यानं म्हणायचो, देवाला दोन आवाज वाटावेत म्हणून.

आता वाटतं, ती ओळ आमच्यात तिलाच कळली होती. मूळ ग्रीकात मत्तयाचा शब्द ऋणाचाच आहे, पैशाअडक्याच्या देण्याचा. लूकनं आपल्या बाजूला 'पापं' घातली, पण दुसऱ्याच्या बाजूला देणंच राहू दिलं. पुढं उपदेशकांनी त्याचं 'मनात राग ठेवू नका' करून टाकलं. कुणाच्या सोयीचं झालं हे? ज्यानं बुडवलं त्याच्या.

इ.स. ६६ मध्ये जेरुसलेमात बंड झालं तेव्हा लोकांनी दप्तरखाना जाळला, सावकारांचे रोखे नष्ट व्हावेत म्हणून. आमच्याकडं १८७५ साली सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी तेच केलं. लोण नगर जिल्ह्यात आलं. पण आमचं येणं कुठल्या दप्तरात होतं? ढोरं ओढली, निरोप पोचवले, वेठ केली. बदल्यात शिळी भाकर, आणि वर उपकार. हिशेबात आम्ही कायम ऋणकोच. कायद्यानंही तेच. १९५० च्या आदेशानं ख्रिस्ती झालेला महार-मांग अनुसूचित जातीतून बाहेर; १९५६ ला शीख आत घेतले, १९९० ला बौद्ध, आम्ही उंबऱ्याबाहेर. म्हणजे आम्हालाही कुणी काही लागतो, हे आईला पहिल्यांदा सांगितलं ते या प्रार्थनेनं. सोडायचं तर आधी येणं मोजावं लागतं. तिनं मोजलं, इतकंच.

माझा एक बौद्ध मित्र म्हणतो, "तुम्ही अजून मागताच. बाबासाहेबांनी नागपूरला आम्हाला हात पसरणं सोडायला लावलं." अर्धं पटतं. त्रिसरण-पंचशीलात मागणं नाही, स्वतःला बांधून घेणं आहे. पण त्या ओळीपाशी आई तरी कुठं मागत होती?

कुणी म्हणेल, डूख धरला. डूख नव्हता. त्याच बागायतदाराची सून अडली तेव्हा रात्री आईलाच बोलावणं आलं. ती गेली. बाई मोकळी केली, पोर रडतं केलं. पहाटे घरी येऊन हातपाय धुतले, प्रार्थनेला बसली, आणि त्या जागी गप्पच. मदत केली म्हणजे येणं फिटत नाही, आणि येणं आहे म्हणून मदत नाकारायची नाही. या दोन वेगळ्या वह्या आहेत, हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं.

अठरा दिवसांचे पैसे आले नाहीत. बाप गेला, मग आई. मी नोकरीला लागलो, शहरात आलो. प्रार्थना म्हणतो. ओळीचा दुसऱ्यांना सोडण्याचा अर्धा भाग तोंडातल्या तोंडात, स्वतःला सोडवून घेण्याचा जरा जोरात.

गेल्या महिन्यात भांडी घासायला येणाऱ्या मावशींचे दोन खाडे मी पगारातून कापले. पोरगं तापानं फणफणलं होतं त्यांचं. त्या काही बोलल्या नाहीत. त्या रात्री प्रार्थनेला बसलो तर ओळीचा तो जोराचा भागच घशातून निघेना.