शेजाऱ्याची संमति आणि खरी साक्ष

जी गोष्ट आपण अनिष्ट मानतों ती आपल्या शेजारीं होऊं देण्यास ख्रिस्ती मनुष्यानें संमति द्यावी काय? प्रश्न जुनाच आहे. परंतु अमेरिकेंतील मंडळ्यांपुढें, व तेथें जाऊन राहिलेल्या आपल्या मराठी बंधुभगिनींपुढेंहि, तो अलीकडे नव्या रूपानें उभा राहिला आहे, म्हणून त्याचा विचार करूं.

कॅलिफोर्निया राज्यांत नोव्हेंबर २०१६ च्या लोकमतानें एकवीस वर्षांच्या व त्यावरील मनुष्यास गांजा बाळगण्याची व सेवन करण्याची मोकळीक मिळाली. (आपल्या देशांत १९८५ च्या कायद्यान्वयें गांजा बाळगणें हा गुन्हा आहे, हें वाचकांनीं विसरूं नये.) गांजा म्हटला कीं आपणांस देवळामागची चिलीम आठवते. तेथें मात्र त्या वनस्पतीचा अर्क काढून तेलें, मलमें व मिठाई करणारे लहान लहान कारखाने निघाले आहेत. असा कारखाना काढणारास राज्याचा परवाना लागतो, आणि गांवच्या नियमांविरुद्ध असेल तर तो परवाना मिळत नाहीं. शहरानें मनांत आणिल्यास असे धंदे आपल्या हद्दींत मुळींच होऊं न देण्याचाहि त्यास अधिकार आहे. जेथें मनाई नाहीं तेथें जागेचा प्रश्न येतो. राहण्याचा भाग, दुकानांचा भाग, कारखान्यांचा भाग, अशी शहराची वांटणी केलेली असते. तीस झोनिंग म्हणतात. अर्जदाराची जागा योग्य आहे कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं एक मंडळ उघड सभा भरवितें, व तींत कोणाहि शेजाऱ्यास बोलतां येतें.

हें मंडळ गांजा चांगला कीं वाईट हें विचारीत नाहीं. दुर्गंधि सुटेल काय, गाड्यांची वर्दळ किती होईल, आगीचें भय किती, एवढेंच तें पाहतें. आगीचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. कोणी अर्क काढण्यास ब्युटेन वापरतात, आणि तो आपल्या चुलीच्या सिलिंडरांतील वायूच्या जातीचाच आहे. शाळा, शिशुगृह किंवा तरुणांचें केंद्र यांपासून ६०० फुटांच्या आंत परवाना देऊं नये असा राज्याचा सामान्य नियम आहे. त्या यादींत उपासनामंदिर नाहीं. तें कित्येकांस खटकतें. आम्हांस तितकें खटकत नाहीं, कारण मंदिरांत जाणारे आपण बहुधा जाणते असतों, आणि मुलांचें तसें नसतें.

समजा, आपला एक बंधु अशा सभेस गेला आहे. त्याच्या मनांत खरा आक्षेप एकच आहे, कीं हा नशेचा धंदा आहे. परंतु हें कारण तेथें चालणार नाहीं हें त्यास ठाऊक आहे. म्हणून तो उठून सांगतो कीं रस्ता अरुंद आहे, गाड्या उभ्या करण्यास जागा नाहीं, वास येईल. हीं कारणें खरीं असतील तर उत्तमच. पण उद्यां त्याच जागीं पावरोटीची भट्टी निघाली असती तर हाच मनुष्य रस्त्याच्या रुंदीविषयीं एक शब्दहि बोलला नसता! येथें आम्हांस नाबोथाची गोष्ट आठवते (१ राजे २१). तेथें कामांत दोष असा कोठेंच दिसत नाहीं. वडील जन जमले, सभा भरली, दोन साक्षीदार आले, निकाल झाला. फक्त साक्ष खोटी होती. जमिनीच्या वादांत कायद्याचा सर्व आकार सांभाळून मनुष्यास बुडवितां येतें, हें पवित्र शास्त्रानें फार पूर्वीं दाखवून ठेविलें आहे. अर्जदाराचा धंदा आम्हांस आवडत नाहीं, म्हणून त्याच्याविरुद्ध खोटें बोलण्याची मोकळीक आम्हांस मिळत नाहीं.

मग गप्प बसावें काय? तसेंहि नाहीं. महाराष्ट्रांत २००८ च्या आदेशानें गांवांतील दारूचें दुकान मतदानानें बंद करण्याची सोय झाली. त्या आदेशांत एकूण मतदारांपैकीं निम्म्याहून अधिकांचें मत आडव्या बाटलीस पडावें अशी अट होती. म्हणजे जी बाई त्या दिवशीं घरींच राहिली, तिची गणना उभ्या बाटलीकडे झाली. वस्तु वाईट असें वाटत असेल तर तें बोलण्याची जागा असें मतदान होय, आणि तेथें तें मोठ्यानें बोलावें. कॅलिफोर्नियांत ती वेळ २०१६ सालीं येऊन गेली. शहरानें असे धंदे होऊं द्यावे कीं नाहीं हें नगरसभेपुढें ठरतें तेव्हांहि ती वेळ असते. एका दुकानदाराच्या अर्जावर तो राग काढणें म्हणजे लढाई हरल्यावर वाटसरूस मारणें होय.

परंतु याहूनहि मोठी गोष्ट पुढें आहे. अर्ज नाकारला तर कारखाना नाहींसा होत नाहीं. तो दुसरीकडे जातो. कोठें? कॉलोराडो राज्यांतील डेन्व्हर शहरांत १ जानेवारी २०१४ पासून गांजाची उघड विक्री सुरू झाली, आणि तो पिकविण्याच्या इमारती ग्लोबव्हिल व एलिरिया-स्वान्सी यांसारख्या वस्त्यांत दाटल्या. आगगाडीचे रूळ, धातु वितळविण्याच्या जुन्या भट्ट्या व मोठा हमरस्ता यांच्या संगतींत गरीब लोक तेथें आधींच राहत होते. जमिनी कारखान्यांच्या म्हणून नोंदलेल्या होत्या, म्हणून सर्व कांहीं नियमानें झालें. कॅलिफोर्नियाचा कायदा अशा सभेची सूचना ३०० फुटांच्या आंतील घरमालकांस पत्रानें पाठविण्यास सांगतो; भाडेकऱ्यास पत्र पाठविलेंच पाहिजे असें तो म्हणत नाहीं.

हें वाचून आपणांस कांहीं ओळखीचें वाटत नाहीं काय? आपल्यापैकीं पुष्कळांच्या आज्या-पणज्यांचीं घरें गांवकुसाबाहेर होतीं. मेलेलें ढोर तिकडेच ओढून नेत, गांवची घाण तिकडेच जाई. गांवानें आपली सोय पाहिली, आणि ज्यांच्या दाराशीं ती घाण गेली त्यांस कोणीं विचारलें नाहीं. "येथें नको" या शब्दांची दुसरी बाजू त्या लोकांनीं आपल्या नाकानें व आपल्या मुलांच्या आजारानें जाणली. त्यांच्या वंशजांनीं परदेशीं चांगल्या वस्तींत घर घेतल्यावर "येथें नको" म्हणावें, आणि तें कोठें जाईल याची चौकशी करूं नये, हें आम्हांस बरें दिसत नाहीं. आपल्या प्रभूनें वेशीबाहेर दुःख सोसलें, हें आपण दर उत्तम शुक्रवारीं ऐकतों.

यास्तव अशा सभेस जाणाऱ्या बंधूनें आधीं अर्जदाराकडे जावें व तो कोणत्या रीतीनें अर्क काढणार, वास कसा कोंडणार, हें त्याच्याच तोंडून ऐकावें. मग ज्यांस पत्र आलें नाहीं त्या भाडेकऱ्यांच्या दारीं जाऊन सभेचा दिवस सांगावा. त्यांचें मत त्याच्या मताविरुद्ध निघेल. कित्येकांस तेथें रोजगार हवा असेल. तरी सांगावा. सभेंत जें स्वतः पाहिलें तेवढेंच बोलावें. आणि नशेचा धंदा मला अधर्म वाटतो असें म्हणावयाचें असेल, तर तेंहि आपल्या नांवानिशीं, त्याच शब्दांत म्हणावें. अध्यक्ष म्हणतील, हा मुद्दा या सभेपुढें नाहीं. तें त्यांचें म्हणणें बरोबर आहे. मग खालीं बसावें.