रंगाखालची ओल

घर विकावयाचें ठरलें म्हणजे मालक अडगळ काढतो, भिंतींस रंग देतो. यांत आम्हांस गैर कांहींच दिसत नाहीं. परंतु रंगाखालीं ओल असली तर? घराचे छुपे दोष विक्रेत्यानें न विचारतांहि सांगावे काय, हा प्रश्न सिसरोनें इ. स. पूर्व ४४ मध्यें चर्चिला आणि सांगावे असाच कौल दिला. आपल्याकडील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें ५५ वें कलमहि, मालकास ठाऊक असलेला पण खरेदीदारास साधारण सावधगिरीनें न कळणारा महत्त्वाचा दोष उघड करावयास सांगतें. मग डाग दिसत होता तोंवर आपलें मौन एक वेळ क्षम्य होतें. तो आपण झांकला, त्याच क्षणीं बोलणें कर्तव्य झालें. घर घेणारा बहुधा आयुष्याची पुंजी ओततो. त्यास नवा रंग दाखवावा, तशी त्याखालची भिंतहि दाखवावी.