सोंगातला घाव कुणाला लागतो?



आपल्या एरंडोलला महाभारतातील एकचक्रानगरी मानण्याची परंपरा जुनी आहे. गावात पांडववाडा आहे, पद्मालयाजवळ भीमकुंड आहे. कुंती आणि तिची पाच मुले ब्राह्मणाच्या वेषात येथे राहिली आणि गाडाभर अन्न घेऊन गेलेल्या भीमाने बकासुराला मारले, ही कथा येथील प्रत्येक मुलाला शाळेत जाण्याआधीच ठाऊक असते. त्या कथेत वेष खोटा होता, लढाई मात्र खरी होती.

आज आपल्या घराघरांत याच्या नेमके उलट घडते आहे. लढाई खोटी असते, पण तिच्यामागे बसलेली दोन्ही माणसे खरी असतात. या खोट्या लढाईत खऱ्या माणसांनी एकमेकांशी कसे वागावे, यावर या रविवारी आपण थोडा विचार करू या.

आधी खेळ समजून घेऊ. आपल्या तरुणांच्या मोबाईलवर बीजीएमआय किंवा फ्री फायर असते. त्यात उतरायचे, बंदूक शोधायची आणि शेवटपर्यंत टिकायचे. तेथे सोंग फारसे नसते. पण काही खेळ वेगळे असतात. त्यांत एक अख्खे शहर किंवा राज्य असते आणि प्रत्येक खेळाडू एक भूमिका घेतो. कोणी पोलीस होतो, कोणी गॅरेजवाला, कोणी अँब्युलन्सचा ड्रायव्हर, कोणी दरोडेखोर, तर कोणी जुन्या काळातला सरदार. मग त्या भूमिकेच्या आवाजात बोलायचे, तिच्या स्वभावाने वागायचे. याला रोलप्ले म्हणतात. आपल्याकडचा साधा शब्द सोंग. २०१३ साली आलेल्या ‘जीटीए फाइव्ह’ या खेळावर अशी कितीतरी शहरे उभी राहिली आहेत. या शहरांत भांडणे होतात, गोळ्या चालतात, माणसे मरतात. आणि मारणाराही खेळाडू, मरणाराही खेळाडू.

अशा खेळांबद्दल घरात दोन वाक्ये ऐकू येतात. मुलगा म्हणतो, ‘खेळच शे भो!’ वडील म्हणतात, ‘बंद कर ते!’ सरकारनेही काही वेळा बंद केले. सप्टेंबर २०२० मध्ये देशाच्या सुरक्षेचे कारण देऊन पब्जी मोबाईलवर बंदी आली आणि २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला. २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पैसा आणि सुरक्षा हे सरकारचे विषय आहेत. पण आपल्या हातून घाव बसला तो पात्राला की माणसाला, हा प्रश्न कोणताही कायदा विचारत नाही. तो आपणच विचारायचा असतो.

खेळाडूंनी स्वतःच याचे काही रीतिरिवाज घडवले आहेत आणि ते मोठ्यांनीही समजून घेण्यासारखे आहेत. अनेक जुन्या खेळांत लढाई लिहून होते. तेथे पहिली रीत अशी की, आपण फक्त आपल्या पात्राचे क्रियापद लिहायचे. ‘मी तलवार उगारून त्याच्या खांद्यावर वार करतो’ असे लिहिणे योग्य. ‘त्याचा हात तुटून पडतो’ असे लिहिणे अयोग्य. कारण हात तुटला, चुकवला की ढालीवर घेतला, हे त्याने सांगायचे. आपले क्रियापद आपले, त्याचे क्रियापद त्याचे. एवढीशी व्याकरणाची गोष्ट, पण तिच्यात दुसऱ्याचा मान सामावलेला आहे.

ही रीत मोडली की काय होते, हे १९९३ साली अमेरिकेत दिसले. ‘लॅम्डामू’ नावाचे एक जग होते. त्यात चित्रे नव्हती, फक्त अक्षरे. एका खेळाडूने एक छोटा प्रोग्राम वापरून इतरांच्या पात्रांच्या नावावर अत्यंत लाजिरवाणी कृत्ये लिहिली, जणू ती पात्रे स्वतःच ती करत आहेत. कोणाच्या अंगाला बोट लागले नव्हते. तरीही त्या पात्रांमागच्या स्त्रिया खरोखर दुखावल्या. एकीच्या डोळ्यांत त्याबद्दल लिहिताना पाणी होते. पुढे त्या खेळाडूचे खातेच पुसून टाकण्यात आले. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्याच वर्षी यावर लेख लिहिला आणि तो आजही वाचला जातो. त्या खेळाडूने काय चोरले होते? पैसा नाही, वस्तू नाही. त्याने दुसऱ्यांची क्रियापदे चोरली होती.

दुसरी रीत संमतीची. १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा खेळ सुरू झाला. त्यात गावाबाहेर कोणीही कोणालाही मारू शकत असे. सुतारकाम करणारा, खाणीत खणणारा, मासे धरणारा असा साधा खेळाडू बाहेर पडला की लुटला जाई. शेवटी २००० साली कंपनीने त्या जगाच्या दोन प्रती केल्या. एकीत जुनाच धोका ठेवला, दुसरीत संमतीशिवाय मारता येऊ नये अशी सोय केली. लढायचे त्याने तेथे जावे, नको त्याने येथे राहावे.

पण म्हणून प्रत्येक घावाआधी ‘मारू का?’ असे विचारायचे का? तसे केले तर दरोड्यात दरोडा राहणार नाही आणि खेळात गंमत राहणार नाही. तरुणांचा हा आक्षेप खरा आहे. धोक्याच्या शहरात जो येतो तो धोका पत्करूनच येतो. त्याची संमती दारातच दिलेली असते. मात्र दारात दिलेली संमती कशासाठी होती, हे विसरता कामा नये. ती कथेतल्या लढाईला दिलेली असते. चेष्टेला, छळाला, रोज त्याच एकाला गाठून रडवायला दिलेली नसते.

२००६ सालची एक घटना येथे आठवावी. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळातली एक खेळाडू प्रत्यक्ष आयुष्यात वारली. तिच्या खेळातल्या सोबत्यांना तिच्या अंत्यविधीला जाणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी खेळातच, बर्फाच्या प्रदेशातील एका तळ्याकाठी श्रद्धांजलीची सभा ठेवली. या वेळी हल्ला करू नका, अशी विनंतीही केली. त्यांची पात्रे रांगेत शांत उभी असताना विरुद्ध बाजूची एक टोळी धावून आली आणि सगळ्यांना कापून काढले. वर त्याची चित्रफीत करून जगाला दाखवली.

हल्ला करणाऱ्यांचे म्हणणे असे की, ते जग लढाईचेच होते आणि नियम एकही मोडलेला नव्हता. हे म्हणणे खोटे नाही. नियम मोडला नव्हता. रीत मोडली होती. आपल्याकडे मयताची गाडी दिसली की अनोळखी माणूसही बाजूला होऊन उभा राहतो. त्याला कोणता कायदा तसे सांगतो? त्या तळ्याकाठी उभी असलेली पात्रे त्या घटकेला पात्रे नव्हतीच. ती शोक करणारी माणसे होती. समोरचा सोंगात आहे की सोंग उतरवून उभा आहे, हे ओळखण्याची जबाबदारी शस्त्र हातात असलेल्यावर अधिक येते.

हे ओळखण्यासाठी खेळाडूंकडे एक सुंदर सोय आहे. लिहिताना एखादे वाक्य दुहेरी कंसात घातले की त्याचा अर्थ, आता पात्र नव्हे, मी बोलतो आहे. ‘आई हाक मारते आहे’, ‘हे मला सहन होत नाही’, ‘थांबू या का?’ अशी वाक्ये त्या कंसात येतात. चांगल्या खेळाडूची खूण हीच की, कंस दिसताच तो तलवार खाली ठेवतो. वाईट खेळाडू कंसातली विनवणीही पात्राची भीती समजून हसण्यावारी नेतो.

आता खरा कठीण प्रश्न. नियम पाळले, संमती होती, कंसही कोणी उघडला नाही. मग मी खेळात जे क्रौर्य केले त्याचा दोष कोणाचा? ‘मी नाही, माझ्या पात्राने केले’ असे म्हणून सुटता येते का?

आमच्या मते अर्धे सुटता येते. दरोडेखोराचे सोंग घेतलेल्याने दरोडा घालावा, यात पाप नाही. आपल्या क्रुसाच्या वाटेच्या सजीव देखाव्यात कोणीतरी रोमी शिपाई होतोच आणि चाबूक उगारतोच. त्याला कोणी दुष्ट म्हणत नाही; उलट त्याने आपले काम चोख केले नाही तर देखावा फसतो. पण त्याच शिपायाकडे नीट पाहावे. चाबूक कुठे पडतो? जमिनीवर, वस्त्रावर. आणि क्रूस वाहणाऱ्या मुलाचा पाय खरोखर मुरगळला, तर पहिला हात त्या शिपायाचाच पुढे येतो. चेहरा शिपायाचा, नजर मात्र सोबत्याची. दोन्ही एकाच वेळी सांभाळणे हीच खरी कला आणि तेच खरे कर्तव्य.

उरलेले अर्धे मात्र सोंगावर ढकलता येत नाही. शहरात दरोडा पडावा, हे कथा ठरवते. पण आज कोणाला लुटायचे, हे खेळाडू ठरवतो. बरोबरीच्याला निवडले की काल नव्याने आलेल्याला? एकदा लुटले की सलग सात वेळा? कॉलेजात ज्याच्याशी वाद झाला, त्याच्याच पात्राला शोधून गाठले का? ही निवड पात्राची नसते, कारण पात्राला कॉलेज ठाऊकच नाही. सोंग घेऊन जेव्हा आपण आपले खरे वैर फेडतो, तेव्हा ते सोंग राहत नाही, तो फक्त बुरखा होतो.

म्हणूनच खेळाडूंची आणखी एक रीत आहे. खेळाडूला जे ठाऊक आहे ते पात्राने वापरायचे नाही. पात्र मेले आणि नव्याने उभे राहिले, तर मारणारा कोण हे त्याने विसरायचे. सूड घ्यायला त्याच चौकात परतायचे नाही. ठाऊक असूनही न वापरणे, ही शिस्त आपल्याला परकी नाही. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरू कधी वापरत नाहीत, हे आपण जाणतोच. खेळातले गुपित त्याच्या तोलाचे नक्कीच नाही, पण सवय त्याच वळणाची आहे.

लढाईला काठ लागतो, हे आपल्या लोकांनी मोबाईलच्या कितीतरी आधी ओळखले होते. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातील सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. याला बोरीचा बार म्हणतात. मधे ओढा आहे, ठरलेला दिवस आहे आणि बार संपला की भांडणही संपते. याउलट पांढुर्ण्याची गोटमार पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावचे लोक एकमेकांवर दगड मारतात. तेथेही दिवस ठरलेला, नदी मधे, परंपरा जुनी. पण दगड खरा आहे. दरवर्षी डोकी फुटतात आणि आजवर काही जीवही गेले आहेत. दोन्हीकडे दोन काठ आहेत. फरक एवढाच की, एकीकडे हातातले हत्यार सणापुरते आहे, दुसरीकडे त्याची जखम सण संपल्यावरही घरी येते.

मोबाईलवरच्या खेळात हातात दगड नसतो. पण हेडफोनमधून जातीवरून, आईबहिणीवरून, घरच्या गरिबीवरून दिलेली शिवी दगडासारखीच घरी येते. ती पात्राला लागत नाही, कारण पात्राला आई नसते.

शेवटी हरणाऱ्याविषयी एक शब्द. कोकणातल्या दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. नट ते रंगमंचावरच रचतात. मृदंग आणि झांजेच्या ठेक्यावर तलवारी फिरतात आणि दैत्य योग्य वेळी पडतो. तो नीट पडला नाही तर देवाच्या जिंकण्याला काही अर्थ उरत नाही. म्हणजे सोंगातला विजय हा जिंकणाऱ्याने मिळवलेला कमी आणि हरणाऱ्याने दिलेला जास्त असतो. ज्याने आपल्यासाठी छान मरून दाखवले, त्याचे आभार मानायला दुहेरी कंसातले एक वाक्य पुरते.

पालकांनो, आज जेवताना मुलाला ‘किती जणांना मारलेस?’ असे विचारू नका. ‘ज्याला मारलेस तो नंतर काय म्हणाला?’ असे विचारा. आणि तरुण मित्रांनो, याचे उत्तर तुम्हाला ठाऊक नसेल, तर आज रात्री त्या खेळाडूला विचारून बघा. तो उद्याही तुमच्याबरोबर खेळायला आनंदाने येणार असेल, तर घाव योग्य जागी, पात्रालाच लागला आहे.