बलाढ्य दोस्ताच्या शेजारी

तंजावरहून पट्टुकोट्टईमार्गे समुद्राकडे गेलं की पाल्कच्या सामुद्रधुनीच्या काठी एक आठ मजली, षट्कोनी इमारत उभी दिसते. आसपासची तमिळ माणसंही तिला ‘मनोरा’च म्हणतात. ती बांधली तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी, १८१४-१५च्या सुमारास. निमित्त होतं युरोपात नेपोलियनचा पाडाव झाल्याचं. तिथल्या लेखात राजे स्वतःला इंग्रज सरकारचे मित्र आणि सहकारी म्हणवतात. आता नेपोलियनने तंजावरचं काय वाकडं केलं होतं? फ्रेंचांचं जुनं वैर होतं हे खरं. १७५८मध्ये फ्रेंच सेनापती लालीने तंजावरला वेढा घातला होता. पण ती आजोबांच्या काळातली गोष्ट. १८१४मध्ये सरफोजींपाशी लढायला फौज नव्हती, तह करायचा अधिकार नव्हता, शत्रू निवडायची मुभाही नव्हती. दोस्ताचा शत्रू तो आपला शत्रू, आणि दोस्ताचा विजय तो आपला सण.

हा मनोरा आठवला तो कॅनडातल्या बातम्यांमुळे. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेच्या अध्यक्षांनी कॅनडाला ‘एक्कावन्नावं राज्य’ म्हणून हिणवलं, आयात शुल्क लादलं, आणि एरवी सौम्य समजला जाणारा तो देश पेटून उठला. प्रांतोप्रांतीच्या सरकारी दुकानांतून अमेरिकी मद्य उतरवलं गेलं, लोकांनी फ्लोरिडाच्या सहली रद्द केल्या. कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान पिएर ट्रूडो यांनी १९६९मध्ये वॉशिंग्टनमध्येच सांगून ठेवलं होतं, की अमेरिकेशेजारी राहणं म्हणजे हत्तीशेजारी झोपणं. तो कितीही गुणी असला तरी त्याच्या प्रत्येक हालचालीचा धक्का बसतो. आपले भाचे-पुतणे ब्रॅम्प्टन-मिसिसागात असल्याने आपण हे सारं कुतूहलाने वाचतो, परक्याच्या घरातलं म्हणून. पण मराठी माणसाने हा अनुभव घेतलेला आहे. पुण्यात नव्हे. पुणं लढलं आणि हरलं. तो वेगळा अध्याय. हत्तीशेजारी झोपलं ते तंजावर.

व्यंकोजीराजांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतलं तेव्हा इंग्रज हे मद्रासचे व्यापारी होते, बस. १७४९मध्ये ते प्रथमच राजकारणात उतरले. पदच्युत शाहूजीचा हक्क मिळवून द्यायचा म्हणून फौज निघाली, कोळ्ळिडमच्या मुखाजवळचं देवीकोट्टई तिने घेतलं, आणि ते हाती येताच ईस्ट इंडिया कंपनीने गादीवरच्या प्रतापसिंहराजांशीच समझोता केला. देवीकोट्टई कंपनीला, गादी प्रतापसिंहांना, हक्कदाराला थोडी नेमणूक. तत्त्वासाठी निघालेल्या फौजा बंदर घेऊन परततात, हे तंजावरने तेव्हाच पाहिलं.

पुढचा प्रकार याहून शिकण्यासारखा आहे. अर्काटचा नवाब महंमद अली कंपनीच्या नोकरांच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडाला होता. कंपनीच्या नव्हे, नोकरांच्या खासगी कर्जात. हे विसरू नये. ते कर्ज फिटायचं कशातून? कावेरीच्या खोऱ्यातल्या भातातून. १७७१मध्ये कंपनीची फौज नवाबाच्या नावाने तंजावरवर आली, खंडणी घेऊन गेली. १७७३मध्ये पुन्हा आली आणि तुळजाजीराजांना कैद करून राज्य नवाबाच्या पदरात टाकलं. लंडनच्या संचालकांना हे रुचलं नाही. त्यांच्या हुकमाने गव्हर्नर लॉर्ड पिगट यांनी १७७६मध्ये तुळजाजींना गादी परत दिली. लगेच पॉल बेनफिल्ड नावाचा कंपनीचा एक साधा नोकर पुढे झाला, की तंजावरच्या महसुलावर आणि उभ्या पिकावर माझं दोन लाख पौंडांहून अधिक येणं आहे. पिगट आडवे आले, तेव्हा त्यांच्याच कौन्सिलने त्यांना अटक केली आणि पुढच्या वर्षी ते कैदेतच वारले. सावकारांनी गव्हर्नर पाडला. १७८५मध्ये एडमंड बर्क यांनी पार्लमेंटमध्ये या कर्जांवर गाजलेलं भाषण केलं. देणी मंजूर व्हायची ती झालीच.

म्हणजे राज्य गेलं ते हिशेबाच्या वह्यांतून. १७९९च्या तहाने त्यावर शिक्का बसला. मुलूख आणि वसुली कंपनीकडे. राजांना तंजावरचा किल्ला व लगतचा भाग, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. सरफोजी तेव्हा बाविशीच्या आत-बाहेर होते. ज्या कंपनीने आधी त्यांच्या चुलत्याला, अमरसिंहांना, गादीवर बसवलं होतं, तिनेच अमरसिंहांना उतरवून यांना बसवलं होतं. नाही म्हणणार कोणाच्या बळावर?

इथून पुढे सरफोजींनी जे केलं त्याबद्दल आपल्याकडे दोन ठराविक मतं आहेत. एकात ते विद्याव्यासंगी राजर्षी, दुसऱ्यात इंग्रजांचं बाहुलं. मला दोन्ही आळशीपणाची वाटतात. डॅनिश मिशनमधून आलेल्या श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली हा मुलगा वाढला, इंग्रजी शिकला, पण धर्म बदलला नाही. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी इंग्रजी, फ्रेंच, जर्मन ग्रंथ आणवले, काशीयात्रेतून संस्कृत पोथ्या आणवल्या. १८०५च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. पुण्यामुंबईला मराठी छपाईची फारशी ओळखही नव्हती तेव्हाची ही गोष्ट.

सगळ्यांत मौजेची त्यांची ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा तमिळ देशातला नाट्यप्रकार. डोंगरातली भविष्य सांगणारी बाई येते, हात पाहते, आपल्या मुलखाचं वर्णन करते. सरफोजींनी ती मराठीत आणली आणि तिच्या तोंडी पृथ्वीचा भूगोल घातला. युरोपची नवी खगोलविद्या, चारी खंडं, त्यांत अमेरिकासुद्धा. दोस्ताकडून आलेलं ज्ञान, तमिळ साचा, मराठी बोल. याला नक्कल म्हणत नाहीत. ज्या प्रजेवर कर बसवायचा अधिकार उरला नव्हता तिला राजा जगाचा नकाशा शिकवत होता.

कॅनडाला नेमकी याच बाबतीत धास्ती वाटत आली. रेडिओवर सीमेपलीकडचीच गाणी, पडद्यावर हॉलिवुड, टपरीवर अमेरिकी मासिकं. १९३६मध्ये तिथे सार्वजनिक प्रसारण संस्था स्थापन झाली, १९७१मध्ये रेडिओवर तीस टक्के संगीत कॅनडाचंच हवं असा नियम आला. आमच्या मुलांना आमचे गायक ठाऊक हवेत, हा आग्रह रास्तच आहे, आणि त्या नियमाने तिथल्या संगीताचं भलंही केलं. पण मासिकांचं काय झालं पाहा. अमेरिकी मासिकांच्या कॅनडा आवृत्त्यांवर सरकारने कर बसवला. १९९७मध्ये जागतिक व्यापार संघटनेने तो नियमबाह्य ठरवला. संस्कृतीचा तंटा बाजाराच्या न्यायासनापुढे गेला आणि बाजाराच्या कायद्याने सुटला.

म्हणून मला वाटतं, बलाढ्य शेजाऱ्याची गाणी-पुस्तकं हा धोक्याचा भाग नाहीच. तंजावरची भाषा, संगीत, चित्रं इंग्रजी पुस्तकांनी बुडाली नाहीत. व्हायोलिन तर कर्नाटक संगीताने असं गिळलं की आज ते परकं होतं हे सांगावं लागतं. धोका असतो तो वसुली कोणाच्या हाती आहे यात. ती गेली की परराष्ट्रनीती आपोआप जाते आणि मग दुसऱ्याच्या युद्धाचे मनोरे बांधावे लागतात. कॅनडाला अजून तो बांधावा लागलेला नाही. क्यूबाशी त्यांनी संबंध तोडले नाहीत. १९६५मध्ये पंतप्रधान पिअर्सन यांनी अमेरिकेच्याच भूमीवर व्हिएतनामवरची बाँबफेक थांबवायची सूचना केली आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्ष जॉन्सन यांची बोलणी खाल्ली. २००३मध्ये पंतप्रधान क्रेतियें इराकच्या युद्धात उतरले नाहीत. कर आपले, मतदार आपले, म्हणून हे जमलं. मात्र २०२४मध्ये त्यांची सुमारे तीन चतुर्थांश निर्यात एकाच देशाला गेली. हा आकडा तुळजाजींनी पाहिला असता तर ते अस्वस्थ झाले असते.

जाता जाता एक. मनोऱ्यासमोरच्या पाण्यापलीकडे श्रीलंका आहे, आणि तिथून पाहिलं तर हत्ती आपण आहोत. २०१५मध्ये भारत-नेपाळ सीमेवर माल अडला तेव्हा नेपाळी माणसाने आपल्याबद्दल काय काय म्हटलं, ते मराठी वर्तमानपत्रांत कितीसं आलं? लहानाला मोठ्याची खडान्‌खडा माहिती असते. मोठ्याला लहान दिसतच नाही.

सरफोजींचे चिरंजीव शिवाजीराजे १८५५मध्ये निपुत्रिक वारले. मुली होत्या, त्या कंपनीच्या हिशेबी धरल्या नाहीत. गादी बुडाली म्हणून जाहीर करून वाडा, जवाहीर, खासगी मिळकत सारं ताब्यात घेतलं. थोरल्या राणी कामाक्षीबाई मात्र मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि खासगी मिळकतीपुरत्या जिंकल्या. घराण्यात दोस्तावर उघड दावा लावणारी व्यक्ती निघाली ती ही. १८५९मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. न्याय-अन्यायाची चर्चाच नको. हे सार्वभौम सत्तेचं राजकृत्य आहे आणि राजकृत्याची चौकशी न्यायालयाला करता येत नाही, असं ठरलं. १८६२मध्ये सरकारने मिळकत परत केली, पण कृपा म्हणून, हक्क म्हणून नव्हे. कामाक्षीबाईंच्या विरुद्ध गेलेला तो निकाल पुढे कायद्याच्या पुस्तकांत पक्का बसला, आणि १९४७नंतर विलीन झालेल्या संस्थानांतून जुन्या हक्कांचे दावे आले, तेव्हा ते नाकारताना स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याचाच आधार घेतला.