अभावाचे प्रमाण

अंटार्क्टिकावरच्या हॅली बे केंद्रात 1957पासून ओझोन मोजला जातो, पण तो तिथे कोणाला दिसत नाही. निरीक्षक दीडेक मीटर लांबीच्या डॉब्सन यंत्रात सूर्यप्रकाश घेतो आणि दोन वेगळ्या तरंगलांबींच्या अतिनील किरणांची तुलना करत, काटा शून्यावर येईपर्यंत तबकडी फिरवतो. आखूड लांबीचा किरण ओझोन जास्त शोषतो. म्हणून तबकडीच्या आकड्यावरून डोक्यावरचा ओझोन काढता येतो. धुरावरून अग्नी ओळखावा तसेच हे. प्रत्यक्ष आहे तो काटा. ओझोन अनुमानाने कळतो.

1985च्या मे महिन्यात शास्त्रज्ञ जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की 1970च्या दशकाच्या आरंभी 300 डॉब्सन एककांच्या आसपास असलेली हॅलीची ऑक्टोबरची सरासरी 1984मध्ये 200च्या जवळ आली. (300 एकके म्हणजे सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाला आणि 0 अंश तापमानाला आणला तर जेमतेम 3 मिलिमीटरचा थर.)

आता ‘नाही’ हे कळते कशाने? जमिनीवर घट (मडके) नाही हे नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, मते इंद्रियांनीच कळते. मीमांसक कुमारिल भट्टांनी त्यासाठी अनुपलब्धी (वस्तू न आढळणे) हे ज्ञानाचे वेगळे साधन, वेगळे प्रमाण मानले. वाद जुना आहे, पण कशाचा अभाव, हे आधी ठाऊक हवे, हे दोघांनाही मान्य. घट आठवला तरच त्याचे नसणे जाणवते. हॅलीच्या जुन्या नोंदी हीच ती आठवण. 1984मध्ये नव्याने बसवलेल्या यंत्राला तोच आकडा अंटार्क्टिकाचा स्वभाव वाटला असता.

हा अभाव कोणत्या जातीचा, हे मात्र सहज सुटत नाही. प्रध्वंसाभावाला, म्हणजे असलेली वस्तू नष्ट झाल्यावरच्या अभावाला, अंत नसतो म्हणतात. ऑक्टोबरमधली ही घसरण, म्हणजे ओझोनचे छिद्र, तर उन्हाळ्यापर्यंत भरून येते. काटेकोर उत्तर असे, की नष्ट झालेले रेणू परतत नाहीत, बाहेरून दुसरे येतात.

1978मध्ये सोडलेल्या निंबस-7 उपग्रहालाही हे कमी आकडे मिळत होते. 180 एककांखालचे आकडे संशयित अशी खूण करून ठेवले जात. संगणकाने ते फेकून दिले ही कथा लोकप्रिय असली तरी खरी नाही. मग आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा? मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक पुढे येईपर्यंत. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून तपासून ठरते. विज्ञानाचा व्यवहार नैयायिकांचा. फार्मननीही घाई केली नाही, यंत्र बदलून पाहिले. पण मीमांसकांचा अनवस्थेचा आक्षेप (तपासणाऱ्या ज्ञानालाही पुन्हा तपासावे लागेल, आणि याला अंत नाही) इथे खरा ठरला: उपग्रहाचे आकडे दक्षिण ध्रुवावरच्या ज्या मोजणीशी ताडले, ती 300 सांगत होती, आणि चूक तिचीच निघाली.

अनुपलब्धीला योग्यतेची अट असते: वस्तू असती तर दिसली असती, असे म्हणता आले पाहिजे. अंधारात घट न दिसणे हा पुरावा नव्हे. निंबस-7चे ओझोन मोजणारे उपकरण परावर्तित सूर्यप्रकाशावर चालत असल्याने जूनच्या ध्रुवीय रात्रीत त्याच्या नकाशावर मधोमध कोरी जागा राहत असे. ऑक्टोबरच्या नकाशात तिथे आकडे असत, आणि ते कमी असत.