दुसरा टॅब

आईच्या बायपासच्या आदल्या रात्री मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून प्रार्थना करत होतो. मधेच डोळे उघडायचो आणि फोनवर साठीपुढच्या मधुमेही पेशंट्सचे आकडे वाचायचो. नगरहून आलेले पाळकसाहेब शेजारी येऊन टेकले. स्क्रीन त्यांना दिसलीच. मीच ओशाळून म्हणालो, "माझा विश्वास कच्चा आहे, साहेब."

ते म्हणाले, "पेत्राला पोहता येत होतं, माहितीय ना?"

तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं. योहानाच्या 21व्या अध्यायात तो होडीतून सरळ समुद्रात उडी टाकतो. पण मत्तयाच्या 14व्या अध्यायात, पाण्यावरून चालताना वारा बघून घाबरतो आणि बुडायला लागतो, तेव्हा तो हात मारत नाही, येशूला हाक मारतो. 'अल्पविश्वासी' हे बोलणंही त्यालाच खावं लागतं, होडीत बसून राहिलेल्या अकरा जणांना नाही. तिथे संशयासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, त्याच्या पोटात 'दोन' दडलेलं आहे. ते नव्या करारात आणखी एकदाच येतं, मत्तयाच्याच शेवटी. पुनरुत्थित येशू समोर उभा असताना काही शिष्यांना संशय येतो. त्यांना बाजूला काढलं जात नाही. जगभर जाण्याचं काम त्यांनाही मिळतं.

माझा धंदाच अविश्वासाचा आहे. समोरचा सर्व्हर उत्तर देणार नाही असं धरूनच कोड लिहायचा, टाइमआउट ठेवायचा, फॉलबॅक ठेवायचा. देवाशीही मी तसाच वागत होतो. पूर्ण विश्वास म्हणजे 'आई वाचणारच' याची खात्री, असं मला वाटायचं. पण ती देवावरची नव्हे, निकालावरची खात्री झाली. दानीएलाच्या पुस्तकातले तिघे तरुण भट्टीसमोर राजाला सांगतात की देव आम्हाला सोडवू शकतो, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. त्या 'नाही सोडवलं तरी'मध्ये त्यांचं मन कुठेच दोन झालेलं नाही.

ऑफिसातला मित्र म्हणतो, "म्हणजे तुझा देव कधी नापासच होऊ शकत नाही. सोयीचं आहे." आक्षेप खरा आहे, माझ्याकडे तोडही नाही. एवढंच सांगतो, की त्या तिघांना ते सोयीचं पडलं नसणार.

आई वाचली. हे लिहायला संकोच वाटतो, कारण त्याच आठवड्यात शेजारच्या बेडवरच्या मावशी गेल्या. त्यांची मुलगी माझ्यापेक्षा कितीतरी मनापासून प्रार्थना करायची, तिने फोन बघितलेलाही मला आठवत नाही. तिच्यासमोर मी साक्ष द्यायला उभा राहणार नाही. पुढच्या रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, तेव्हाही नाही राहिलो. ते काही बोलले नाहीत.

आईचे रिपोर्ट आता दर तीन महिन्यांनी मोबाइलवर येतात. उघडण्याआधी मी प्रार्थना करतो. तोवर पासवर्ड टाकून झालेला असतो.